पाण्याखालची वेक रंगाने दाखवताना या चुका टाळा

निमुळती प्रतिकृती टाकीतल्या पाण्यातून ओढून तिच्यामागची खळबळ, म्हणजेच वेक, रंगाने दाखवण्याचा प्रयोग जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात नवी तुकडी करते आणि चुका मात्र जुन्याच करते.

सर्वांत महागात पडते ती तापमानाकडे केलेली डोळेझाक. एका मे महिन्यात टाकीतले पाणी 36 अंशांवर गेलेले असताना विद्यार्थ्यांनी रंग कालवला तो माठातल्या 26 अंशांच्या पाण्यात. प्रतिकृतीमागची रंगाची धार सतत खाली झुकू लागली, तेव्हा प्रतिकृतीच तिरकी बसली असावी असे ठरवून तिचा कल सुधारण्यात तीन दिवस गेले. दोष कलाचा नव्हताच. दहा अंशांच्या फरकामुळे रंगाचे पाणी घनमीटरमागे सुमारे 3 किलो जड झाले होते आणि सेकंदाला 10 सेंटीमीटर इतक्या संथ वेगात रंग बुडायला तेवढे पुरते. तेव्हापासून मी रंग टाकीतल्याच पाण्यात कालवतो, बाटली तासभर टाकीतच बुडवून ठेवतो आणि स्थिर पाण्यात सोडलेला एक थेंब मिनिटभर जागेवर राहिल्याशिवाय मोटार सुरू करू देत नाही. खाद्यरंगाचा थेंब तरीही बुडत असेल, तर किंचित स्पिरिट मिसळतो.

हाच उन्हाळा गणितातही नडतो. 30 सेंटीमीटरच्या प्रतिकृतीला याच वेगासाठी पुस्तकातली 20 अंशांची श्यानता, म्हणजे पाण्याचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, वापरली, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाची जडता या विरोधाच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा, सुमारे 30,000 येतो. 36 अंशांना तो 42,000 च्या आसपास असतो. थर्मामीटर बुडवायला अर्धे मिनिट लागते, पण मोबाइलवर चित्रीकरण करण्याची घाई त्याहून मोठी असते.

गोल सळईला प्रतिकृती टांगू नये, कारण मग सळईचेच भोवरे दिसतात. दांडीचा छेदही निमुळताच हवा. दोन फेऱ्यांमध्ये किमान वीस मिनिटे थांबावे. रंगाची रेघ म्हणजे त्या क्षणाची प्रवाहरेषा, म्हणजे त्या क्षणी पाणी कुठल्या दिशेला वाहते ते दाखवणारी रेषा, नव्हे. अस्थिर प्रवाहात ती रंग सोडणाऱ्या सुईपासून आतापर्यंतचा सारा इतिहास वाहून आणते.

राहिले गढूळ पाणी. इथे उन्हाळ्यात टाकी पुन्हा भरण्याइतके पाणी मिळत नाही, म्हणून आम्ही खाद्यरंग ब्लीचिंग पावडरने घालवतो. मात्र ती सकाळी प्रयोगाच्या तोंडावर टाकली, तर पुढच्या फेरीचा रंगही फिका पडतो, त्यामुळे ती आदल्या संध्याकाळीच आणि हात राखून टाकावी.