घाटी, चाकरमानी, भायलो : कोकणात उतरण्याआधी

वर्धा, बडनेरा किंवा शेगावहून नागपूर-मडगाव गाडीत बसून कुडाळला उतरलं तर मराठी सुटत नाही, पण बाहेरच्या माणसाला हाक मारायचे शब्द मात्र बदलतात. त्यातले चार-पाच आधी ओळखून ठेवले, तर भलत्या ठिकाणी राग येत नाही आणि खऱ्या टोमण्यावर हसून मान डोलावण्याची पाळीही येत नाही.

सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे घाटी. सह्याद्रीचा घाट उतरून आलेला, तो घाटी. किनाऱ्यावरून पाहिलं की डोंगरापलीकडचे सगळे सारखेच. साताऱ्याचा काय आणि अकोल्याचा काय. आपल्याकडे गोंधळ होतो तो घाट दुसरा असल्यामुळे. बुलडाणा जिल्ह्यात चिखली-मेहकर घाटावर आणि खामगाव-शेगाव घाटाखाली. म्हणून खामगावचा माणूस मालवणात 'आम्ही तं घाटाखालचे' असं सांगून मोकळा होतो आणि समोरचा चक्रावतो. (शिवाय 'घाटीत भरती केलं' म्हणजे आपल्याला संभाजीनगरचं सरकारी रुग्णालयच आठवतं.)

हा शब्द शिवी आहे का, हे वाक्यावरून ठरवा. 'घाटावरून आले', 'घाटावरचे पावणे' ही नुसती माहिती झाली. शब्द एकटा आला, मागे 'आहेस अगदी' लागलं किंवा तो बोलण्याच्या, जेवण्याच्या पद्धतीवर आला, तर तो टोमणा. मुंबईत बहुतेक तसाच येतो. गोव्यात तो नाकात म्हणतात, 'घांटी'. तिथं तो जास्त बोचरा आहे, कारण घाटावरून मजुरीला आलेल्यांना, मग ते महाराष्ट्रातले असोत की कर्नाटकातले, तो हिणवून लावला जातो. स्वतःला गमतीने घाटी म्हणवून घ्याल तर चालेल. बाजूच्या माणसाला मात्र म्हणू नका.

चाकरमानी तुम्हाला कोणी म्हणणार नाही. तो गावचाच, पोटासाठी मुंबईला गेलेला आणि गणपती-शिमग्याला घरी येणारा. हा शब्द ऐकला की एवढंच ओळखायचं, की त्या दिवसांत गाडीत जागा मिळणं कठीण. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा त्याच दिवशी बसा.

गोव्याचा खास शब्द भायलो, म्हणजे बाहेरचा. बाई असेल तर भायली, अनेक असतील तर भायले. उलट बाजूला निज गोंयकार, म्हणजे अस्सल गोवेकर. जमीन, नोकऱ्या, मतदान असा विषय निघाला की भायलो धारदार होतो. दोन दिवस फिरायला आलेल्याने त्या वादात तोंड घालू नये. मराठी पेपरात हाच माणूस 'परप्रांतीय' किंवा 'बिगर गोमंतकीय' होतो. गोऱ्या परदेशी माणसाला पाकलो म्हणतात, तो तुमच्या वाट्याला यायचा नाही. कोणी 'पात्रांव' म्हणालं तर फुगू नका. पोर्तुगीजमधून आलेला हा शब्द म्हणजे मालक, शेठ. पण मित्रही एकमेकांना सहज म्हणतात.

आता आपल्याच तोंडून काय निसटतं ते. 'बे' घरीच ठेवा. 'काय बे' हे आपल्याकडे दोस्ताशी बोलणं, तिथं अनोळखी माणसाला ते उर्मट वाटतं. 'भाऊ' सगळीकडे चालतं. 'हव' गोव्यात फसवतं, कारण कोकणीत 'हांव' म्हणजे मी आणि होकाराला 'हय'. सरळ 'हो' म्हणा. 'जेवून राह्यलो' ऐकून घरमालकीण समजेल की जेवण झालं, आणि ताट उचलेल. 'जेवतोय' म्हणा.

'खंयचे तुमी?' म्हणजे कुठले तुम्ही. हा प्रश्न चौकशीचा नाही, ओळख काढण्याचा आहे. नुसतं तालुक्याचं नाव सांगितलं तर कळत नाही. 'नागपूरकडचे' किंवा 'अमरावतीकडचे' पुरतं. दर्यापूरवाल्याने तर जिल्हा आधी सांगावा, नाहीतर कोणत्या बंदरावरचे, हेच विचारतील.