नॉर्मंडीच्या पुळणीवरचे रणगाडे: लिहिताना, सांगताना या चुका टाळा

६ जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेवर, म्हणजे दोस्तसैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं त्या मोहिमेवर, मराठीत लेख, व्याख्यानं, व्हिडिओ होत असतात आणि त्यांत ब्रिटिश मेजर जनरल पर्सी होबार्ट यांचे विचित्र रणगाडे हमखास येतात. पण पुष्कळदा सगळा हिशेब एका वाक्यात मिटवला जातो: ब्रिटिशांकडे ही यंत्रं होती म्हणून त्यांचं निभावलं, अमेरिकनांनी ती नाकारली म्हणून ओमाहा या त्यांच्या वाट्याच्या पुळणीवर प्रेतांचा खच पडला. त्या किनाऱ्यावर मेलेल्यांविषयी बोलताना इतकी घाई बरी नाही. रणगाडा कोणत्या पाण्यात सोडला, नौकांच्या तोफा किती वेळ चालल्या आणि शत्रूची तोफ कोणत्या दिशेला तोंड करून होती, या तीन गोष्टी आधी पाहा.

गोष्ट १९४४ पासून सुरू करू नका

ती १९ ऑगस्ट १९४२ ला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएप बंदरावरील फसलेल्या छाप्यापासून सुरू होते. तिथला किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचे काही चर्चिल रणगाडे त्या गोट्यांतच रुतले, काहींच्या साखळपट्ट्या तुटल्या. जे भिंत ओलांडून वरच्या रस्त्यावर पोचले, त्यांनाही शहरात शिरता आलं नाही. गल्ल्यांच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे होते आणि ते उडवायला निघालेले सॅपर (स्फोटकं आणि अडथळ्यांचं काम करणारे सैनिक) उघड्यावर टिपले गेले. समुद्रातून पाठबळ होतं ते मुख्यतः विनाशिकांच्या ४ इंची तोफांचं; मोठी बॅटलशिप एकही नव्हती. कॅनडाचे ९०७ जण मेले.

हे सांगितलं की एव्हीआरई नावाचा चर्चिल कशासाठी जन्माला आला ते आपोआप कळतं. सॅपरला चिलखताच्या आत बसवायचं आणि तिथूनच स्फोटकं फेकायची. त्याची २९० मिमीची पेटार्ड तोफ साधारण १८ किलोचा बॉम्ब जेमतेम शंभरेक मीटर फेकायची; म्हणजे अडथळ्याला जवळजवळ भिडावंच लागे.

'अमेरिकनांनी नाकारले' हे अर्धसत्य

एव्हीआरई त्यांनी घेतला नाही, हे खरं. पण क्रॅब (साखळ्यांनी सुरुंग उडवणारा) आणि क्रोकोडाइल (ज्वाला फेकणारा) या रणगाड्यांची मागणी त्यांनी नोंदवली होती. ते वेळेत मिळाले नाहीत. आणि पोहणारे डीडी शर्मन तर त्यांच्याकडे होतेच. ओमाहावर घात झाला तो याच डीडींचा.

डीडी म्हणजे शर्मनभोवती उभारलेला कॅनव्हासचा पडदा आणि मागे दोन पंखे. रणगाडा स्वतः पाण्याच्या पातळीखाली असतो, त्याला तरंगवतो तो पडदा. ही रचना सुमारे ३० सेंटिमीटरच्या लाटांसाठी होती. त्या पहाटे लाटा पुरुषभर उंच होत्या. ७४१ व्या टँक बटालियनने किनाऱ्यापासून सुमारे ५ किमीवर २९ डीडी सोडले, २७ बुडाले. त्याच ओमाहाच्या पश्चिम भागात ७४३ व्या बटालियनचे डीडी पाण्यात सोडलेच नाहीत, लँडिंग क्राफ्टने थेट वाळूपर्यंत नेले. युटा या अमेरिकनांच्याच दुसऱ्या पुळणीवर ते किनाऱ्याच्या बरंच जवळून सोडले आणि ३२ पैकी २८ पोचले; उरलेले ४ त्यांचं क्राफ्ट सुरुंगावर गेल्यानं गेले. सैन्य तेच, यंत्रही तेच. म्हणून 'डीडी फसले' असं लिहू नका. कुठे, किती अंतरावरून, कोणत्या लाटांत सोडले ते लिहा.

तोफांचा भडिमार टनांत मोजू नका

मला सर्वांत जास्त खटकते ती हीच चूक. 'नौकांनी किनारा भाजून काढला' असं सर्रास लिहितात. ओमाहावर मुख्य भडिमार ५:५० ला सुरू झाला आणि ६:३० ला पायदळ उतरायचं होतं; जेमतेम ४० मिनिटं. पूर्वेकडे भरती उशिरा येते, म्हणून ब्रिटिश किनाऱ्यांवर उतरायची वेळ तासाभराने पुढे होती आणि तोफांना जवळपास दोन तास मिळाले. ओमाहावर ढगांमुळे बॉम्बफेकी विमानांनी आपल्याच माणसांवर बॉम्ब पडू नयेत म्हणून काही सेकंद थांबून ते टाकले; ते मागच्या शेतांत पडले.

शिवाय कोन. जर्मनांनी कित्येक बंकरांची तोंडं समुद्राकडे ठेवलीच नव्हती. समुद्राच्या बाजूला जाड काँक्रीट आणि तोफ पुळणीच्या लांबीला समांतर, आडवी मारणारी. ओमाहावरच्या व्हिएरव्हिलची ८८ मिमी तोफ अशीच होती. समोरून कितीही गोळे आले तरी तिचं तोंड सुरक्षित. गोल्ड या ब्रिटिश पुळणीवर ल आमेल गावचं जर्मनांनी धरलेलं सॅनटोरियम दोन तासांच्या भडिमारानंतरही दुपारपर्यंत लढत राहिलं, म्हणजे 'ब्रिटिशांकडे सगळं सुरळीत' हेही खरं नाही.

ओमाहावर पुढे उपयोगी पडल्या त्या अगदी उथळ पाण्यात घुसलेल्या विनाशिका. संपर्क तुटलेला असताना 'कार्मिक' या विनाशिकेने वाळूवरच्या रणगाड्यांचे गोळे कुठे पडतात ते पाहिलं आणि तिथेच आपल्या तोफा लावल्या. रणगाडे आणि नौका यांचं वर्णन वेगवेगळ्या प्रकरणांत करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आणखी काही

क्रॅब फक्त सुरुंगांपुरता नव्हता. खळ्यावर कणसं झोडपावीत तसा तो साखळ्यांनी जमीन झोडपत जायचा, पण ७५ मिमी तोफ शाबूत होती; गोल्डवरच्या ला रिव्हिएरची ८८ मिमी तोफ एका क्रॅबनेच जवळ जाऊन गप्प केली. होबार्ट यांची ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन एकसंध उतरली, असंही लिहू नका. तिची यंत्रं तुकड्यातुकड्यांनी इतरांना वाटलेली असत. होबार्ट हे या मोहिमेतल्या भूसैन्याचे प्रमुख माँटगोमेरी यांचे मेहुणे, पण वशिल्याची कथा टिकत नाही: १९४० मध्ये निवृत्त केलेल्या होबार्टना परत आणलं चर्चिल यांनी आणि १९४३ मध्ये हे खास रणगाडे उभे करण्याचं काम दिलं ब्रिटिश लष्करप्रमुख ॲलन ब्रूक यांनी. त्यांचा जन्म नैनितालचा आणि सुरुवातीची नोकरी बंगाल सॅपर्समधली, हे मात्र आपल्या वाचकांना जरूर सांगा.

फोटोंबाबत: ज्वाला फेकणाऱ्या क्रोकोडाइलचं चित्र दिसलं की खाली '६ जून' असं टाकू नका, त्यांचं बरंचसं काम नंतरचं आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रेस्टजवळच्या फोर्ट माँबारेवर हेच ब्रिटिश क्रोकोडाइल अमेरिकन पायदळाच्या मदतीला गेले होते. तेव्हा अमेरिकन सैनिकांसोबत क्रोकोडाइल दिसला तर फोटो खोटा ठरवण्याआधी तारीख आणि ठिकाण तपासा.