शाळा निवडताना इमारत नको, वही बघा

पुतणीसाठी कुडाळमध्ये खासगी शाळा शोधत होतो. जाऊ तिथे रंगीत माहितीपत्रक आणि स्मार्ट बोर्ड, पण शिकवतात कसं ते काही कळेना. ते कळलं शेजारच्या मुलाच्या दप्तरातून.

१. त्या शाळेत जाणाऱ्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागून घ्या. गणपतीच्या सुट्टीनंतरची पानं उघडा, जूनमधली नकोत; जूनमध्ये सगळ्यांनाच उत्साह असतो. चुकलेलं मुलाकडून पुन्हा सोडवून घेतलंय का, एवढंच बघा. मी पाहिलेल्या एका वहीत ५२ − १८ = ४६ लिहिलं होतं आणि त्यावर लाल शाईची बरोबरची खूण, खाली सही! अक्षर मात्र मोत्यासारखं. ती शाळा मी तिथेच यादीतून काढली.

२. मुलाला त्याच्या इयत्तेचं, पण आधी न वाचलेलं पान द्या आणि काय वाचलं ते सांगायला लावा. मालवणीत सांगितलं तरी चालेल, समजलंय का ते महत्त्वाचं.

३. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) विचारून यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर पट आणि शिक्षकसंख्या बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा.

एक सांभाळा: वहीतल्या चुका त्या मुलासमोर बोलून दाखवू नका. आपण शाळा तपासतोय, त्याला नाही.