न्यूट्रिनोंचं पहिलं सिम्युलेशन चालवताना

विश्वात द्रव्य कसं गोळा होत जातं हे न्यूट्रिनो, म्हणजे अगदी हलके आणि वेगवान कण, धरून संगणकावर चालवून बघायचं होतं. माझा पहिला रन संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. 500 मेगापार्सेक/एच बाजूचा बॉक्स, म्हणजे विश्वाचा घनाकृती तुकडा (मेगापार्सेक म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं, एच हा हबल स्थिरांकाचा गुणक), 256³ कण डार्क मॅटरचे आणि तितकेच न्यूट्रिनोंचे. न्यूट्रिनोंचा पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या अंतरावर किती गोळाबेरीज आहे याचा आलेख, काढला, तर खाली उतरणारी रेघ मध्येच सपाट झाली. लहान अंतरांवर न्यूट्रिनो गोळा झालेत असं समजून मी गाइडना मेल लिहायला घेतला. मग त्या सपाट भागाची किंमत वाचली: 7.45. बॉक्सच्या घनफळाला कणांच्या संख्येने भागलं की नेमकं हेच उत्तर येतं. तो शॉट नॉइज होता, म्हणजे मोजकेच कण घेतल्याने येणारा निव्वळ गोंगाट. कुठलाही स्पेक्ट्रम बघण्याआधी हा भागाकार करून ठेवा, ही माझी पहिली विनंती.

दोष न्यूट्रिनोंच्या वेगात आहे. 0.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाच्या न्यूट्रिनोचा आजचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 1,600 किलोमीटर येतो; सूर्याजवळून निघून आकाशगंगा सोडायला 500-600 पुरतात. रेडशिफ्ट 99 ला, म्हणजे विश्व आजच्या शंभराव्या हिश्शाएवढं होतं तेव्हा, तर हा वेग प्रकाशवेगाच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक कणाला असा वाटेल त्या दिशेचा वेग दिला की सुरुवातीची नीट मांडणी लगेच विस्कटते. म्हणूनच काही जण न्यूट्रिनोंचे कण घेतच नाहीत. डार्क मॅटरला त्यांचा रेषीय, म्हणजे लहान चढउतारांपुरत्या साध्या समीकरणांचा, प्रतिसाद काढून तो बॉक्समधल्या चौकटींच्या ग्रिडवर मिळवतात. ही पद्धत जरूर शिका, पण एकदा कणांचा रन करून नॉइज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज निदान 0.06 इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याचं ऑसिलेशनचे, म्हणजे न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलण्याचे, प्रयोग सांगतात. डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या विश्लेषणाने, विश्वाचं प्रमाण मॉडेल गृहीत धरून, वरची मर्यादा 0.072 वर आणली. विषय आज इतका रंगलाय तो यामुळेच. तरीही शिकताना 0.4 घ्या. डार्क मॅटर आणि न्यूट्रिनो मिळून एकूण द्रव्याचा पॉवर स्पेक्ट्रम रेषीय हिशेबाने लहान अंतरांवर 0.06 ला जेमतेम 3-4 टक्के दबतो, 0.4 ला सुमारे 24. सवय नसलेल्या डोळ्याला चार टक्के आणि कोडमधली चूक सारखीच दिसते.

माझी दुसरी चूक जास्त महागात पडली. न्यूट्रिनो घातले, पण तेवढं डार्क मॅटर कमी केलं नाही. एकूण द्रव्यघनता वाढली, विस्ताराचा दर बदलला आणि आठवडाभराचा क्लस्टरवरचा वेळ गेला. एकूण घनता तीच ठेवा, डार्क मॅटरमधून वजा करा. वस्तुमानरहित न्यूट्रिनोंचा जोडरन त्याच सीडवर, म्हणजे सुरुवातीच्या त्याच यादृच्छिक आकड्यांवर, चालवा आणि दोन स्पेक्ट्रमचं गुणोत्तर बघा. बॉक्सपुरते योगायोग बरेचसे कटतात. सुरुवातीच्या चढउतारांचा अँप्लिट्यूड सारखा ठेवलाय की आजचा सिग्मा-8 (आजच्या गोळाबेरजेचं माप), हे वहीत लिहून ठेवा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

स्वतःच्या रनआधी क्विहोते या सिम्युलेशनसंचाचा खुला डेटा हाताळलात तर उत्तम: 0.1, 0.2 आणि 0.4 तिन्ही बेरजा त्यात आहेत.

दुरुस्त केलेल्या रनमध्ये माझं गुणोत्तर मोठ्या अंतरांवर क्लास या रेषीय गणित करणाऱ्या कोडच्या रेघेवर बरोबर बसलं, मग त्याहून खाली गेलं आणि के (अंतराच्या उलट जाणारी तरंगसंख्या, एच/मेगापार्सेकमध्ये) 1 च्या आसपास तळ गाठून वर वळू लागलं. चमच्यासारखा तो आकार मी तोवर फक्त पेपरांमध्ये पाहिला होता.