कंपनीचा ऑइल प्रेशर सेन्सर आफ्टरमार्केट ईसीयूला कसा जोडावा

डॅशवरची लाल ऑइल बत्ती साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर लागते. ६००० आरपीएमला प्रेशर ४ बारवरून १ बारवर आले तरी ती विझलेलीच असते आणि तेवढ्यात बेअरिंग गेलेले असते. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला; आफ्टरमार्केट म्हणजे बाहेरून घेऊन बसवलेला) प्रेशरचा खरा आकडा मिळाला तर तो इंजिन वेळेत थांबवू शकतो. वायर तीनच आहेत. लोक चुकतात ते अर्थिंगमध्ये (ग्राउंडमध्ये) आणि कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे किती व्होल्टला किती प्रेशर हे ठरवण्यात.

आधी हातात काय आहे ते ओळखा

एक पिन असेल तर तो स्विच किंवा रेझिस्टन्सवाला सेंडर. इंजिन चालू करून वायर काढा आणि पिन ते बॉडी ओहम मोजा. स्विच असेल तर सर्किट उघडे दिसते, सेंडर असेल तर काही दहा ओहम दिसतात. मारुती ८००, झेन, एस्टीमवर कंपनीचा येतो तो स्विच. त्यातून आकडा मिळणार नाही. तो बत्तीसाठी तसाच ठेवा आणि दुसऱ्या गाडीचा तीन पिनांचा सेन्सर शेजारी बसवा.

तीन पिना म्हणजे बहुधा ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. हाच कामाचा. चार पिना असतील तर त्यात तेलाचे तापमानही असते. नव्या गाड्यांतले काही सेन्सर मात्र व्होल्टेजऐवजी डिजिटल सिग्नल पाठवतात. ते ॲनालॉग इनपुटला चालत नाहीत, त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

पिना शोधणे

सेन्सरचे कनेक्टर काढा, चावी ऑन करा आणि कंपनीच्या हार्नेसच्या (वायरिंगच्या) बाजूने मोजा. एका पिनवर ५ व्होल्ट आणि दोन पिनांवर शून्याजवळ आले तर ५ व्होल्टची पिन मिळाली. उरलेल्या दोनपैकी चावी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हशी जिची कंटिन्युइटी येते ती अर्थ. पण पुष्कळदा दोन पिनांवर ५ व्होल्ट दिसतात, कारण मूळ ईसीयूने सिग्नल वायर आतल्या रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढलेली असते (यालाच पुल-अप म्हणतात). अशा वेळी १ किलोओहमचा रेझिस्टर आळीपाळीने प्रत्येक पिन आणि अर्थ यांच्यामध्ये धरा. व्होल्टेज खाली बसले तर ती सिग्नल. ५ वर ठाम राहिले तर तो पुरवठा.

बसवणे

जपानी इंजिनांवर आटे बहुधा १/८ बीएसपी टेपर (निमुळते) असतात, म्हणजे इंचाला २८ आटे. अमेरिकन १/८ एनपीटी इंचाला २७. दीड-दोन फेरे दोन्ही एकमेकांत छान जातात, पुढे जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. शंका असेल तर थ्रेड गेज लावा. अडॅप्टर संभाजीनगरात वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येतो. पितळेपेक्षा स्टीलचा घ्या. टेफ्लॉन टेप वापरू नका, तिचे तुकडे ऑइल गॅलरीत जातात. लिक्विड सीलंट, तोही पहिले दोन आटे सोडून.

ब्लॉकवर टी-पीस आणि त्यावर जड सेन्सर अशी उतरंड रचली की व्हायब्रेशनने पितळ मानेतून तुटते आणि सगळे तेल एक्झॉस्टवर जाते. टी-पीस लागणारच असेल तर ब्लॉकमधून छोटा ब्रेडेड होज (जाळीची नळी) काढा आणि सेन्सर गाडीच्या बॉडीवर क्लॅम्प करा.

वायरिंग

०.५ चौरस मिमीची ऑटोमोटिव्ह वायर पुरते. ५ व्होल्टची पिन ईसीयूच्या ५ व्होल्ट सेन्सर सप्लायला जोडा; १२ व्होल्ट दिले तर सेन्सर जातो, कधी ईसीयूचे इनपुटही. सिग्नल ॲनालॉग व्होल्ट इनपुटला जातो. तापमानाच्या इनपुटला नको, तिथे आत पुल-अप असतो आणि आकडा वर सरकतो.

अर्थची वायर थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्या. ब्लॉकवर बोल्टखाली दाबलेली अर्थ सोपी दिसते, पण फॅन आणि हेडलाइट लागले की ब्लॉक आणि ईसीयू यांच्यात ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. १० बारच्या सेन्सरमध्ये एक बार म्हणजे ०.४ व्होल्ट, म्हणून ०.१ व्होल्ट म्हणजे पाव बारची चूक. गरम इंजिनच्या आयडलिंगला प्रेशरच १ बारच्या आसपास असते, तिथे पाव बार थोडा नाही.

मूळ ईसीयू गाडीत ठेवायचा असेल तर सेन्सरला ५ व्होल्ट आणि अर्थ त्याच्याकडूनच राहू द्या. नव्या ईसीयूला फक्त सिग्नलची फांदी द्या. दोन्हीकडचे ५ व्होल्ट एकत्र बांधू नका.

वायर इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरपासून लांब न्या. जोड क्रिंप करा, वर गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. कनेक्टरचे रबर सील गळाले असेल तर नवे घाला. इथली काळ्या मातीची धूळ आत बसते आणि पहिल्या पावसात पिना हिरव्या पडतात.

रेझिस्टन्सवाला सेंडर (१० ते १८० ओहमचा प्रकार सर्रास मिळतो) वापरायचाच असेल तर सिग्नल आणि ५ व्होल्ट यांच्यात २२० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. १० ओहमला सुमारे ०.२२ व्होल्ट, १८० ला २.२५ व्होल्ट मिळतात. मात्र त्याची अर्थ ब्लॉकमधूनच जाते, त्यामुळे वर सांगितलेली चूक गृहीत धरा.

कॅलिब्रेशन

नेहमीची रेषा: ०.५ व्होल्ट म्हणजे ०, ४.५ व्होल्ट म्हणजे पूर्ण स्केल. सॉफ्टवेअर ० आणि ५ व्होल्टचे आकडे मागत असेल तर १० बारच्या सेन्सरला −१.२५ आणि ११.२५ भरा. पण पूर्ण स्केल ७ बार आहे की १० हे सेन्सरवर क्वचितच लिहिलेले असते, आणि अंदाजावर इंजिन सोपवू नये. सेन्सर ५ व्होल्टवर ठेवून रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरला लावा; ०, १, २, ४, ६ बारला व्होल्टेज लिहून घ्या. गेज पाउंडात (पीएसआय) असेल तर १ बार म्हणजे १४.५ पाउंड.

इंजिन बंद असताना ०.९५ बारच्या आसपास दिसले तर सेन्सर बिघडलेला नाही, तो ॲब्सोल्यूट प्रकारचा, म्हणजे हवेचा दाबही धरून मोजणारा आहे: संभाजीनगरच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. तेवढे वजा करा. तीन पिनांच्या सेन्सरचा सिग्नल ०.२५ व्होल्टच्या खाली किंवा ४.७५ च्या वर गेला तर ईसीयूने वायर तुटली किंवा शॉर्ट झाली असे समजावे, अशी सेटिंग ठेवा.

संरक्षण

एकच किमान आकडा सगळीकडे लावू नका, आरपीएमप्रमाणे टेबल भरा. जुना ठोकताळा दर १००० आरपीएमला ०.७ बार असा आहे. ३००० ला २, ६००० ला ४. तो सुरुवातीपुरता. खरा आकडा तुमच्या लॉगमधून (ईसीयूने नोंदलेल्या आकड्यांतून) घ्या, तेल पूर्ण तापल्यावर. जानेवारीच्या सकाळी घेतलेला लॉग फसवतो: थंड तेल घट्ट, प्रेशर जास्त. त्यावर बेतलेले टेबल मे महिन्यात, ४२ अंशांत, कन्नडचा घाट चढताना विनाकारण इंजिन बंद पाडते. म्हणून उन्हाळ्यातला सर्वांत कमी आकडा पकडा आणि त्याच्या २० टक्के खाली मर्यादा ठेवा.

स्टार्टनंतर पहिले ३ ते ५ सेकंद संरक्षण बंद ठेवा. पुढे अर्धा सेकंद प्रेशर खाली राहिले तरच फ्युएल कट (इंधन बंद). सिग्नलवर फार फिल्टर लावू नका. वळणावर सम्पमधले (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतले) तेल बाजूला सरकून पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, तो क्षणभराचा खड्डा फिल्टरमध्ये बुजून जातो. शेवटी इंजिन आयडलिंगला ठेवून सिग्नलची वायर काढून बघा: फॉल्ट लगेच दिसला पाहिजे. नाही दिसला तर गाडी बाहेर काढू नका.