चहा सोडून कार्ड फिटत नाही, आधी गणपती आणि मे महिना बघा

क्रेडिट कार्डचं कर्ज फेडायचंय म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो बाहेरचा चहा बंद करा. मी पण केला होता. लोट्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या गेटसमोर टपरी आहे, तिथला सकाळचा एक आणि चारचा एक असे दोन्ही सोडले, महिन्याला पाचशे-सहाशे वाचले, आणि त्याच महिन्यात कार्डावर व्याज लागलं तेहतीसशे. चहा पण गेला आणि डोकं पण दुखायला लागलं. म्हणून आता सांगतो ते आमच्या घरात खरंच काय चाललं त्यावरून.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ चा पूर इथल्या कोणाला सांगायला नको. आमच्या तळमजल्यावर पाणी छातीपर्यंत होतं, फ्रिज अक्षरशः तरंगत होता. नंतर फ्रिज, वॉशिंग मशीन, वायरिंग सगळं कार्डावर घेतलं, इलाजच नव्हता, आणि लगेच सप्टेंबरमध्ये गणपती आले ते पण कार्डावर. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरत गेलो आणि वाटत होतं आपण फेडतोय. पावणेदोन वर्षांनी बघितलं तर बाकी ८० हजार.

तर पहिली गोष्ट, मिनिमम ड्यू म्हणजे काय ते एकदा कागदावर मांडून बघा. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ते ४२ होतात. त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८० हजारावर २,८०० व्याज आणि ५०४ जीएसटी, झाले ३,३०४. माझं मिनिमम होतं ५ टक्के, म्हणजे ४,०००. त्यातले मुद्दलात गेले किती, तर ६९६! आणि मागची बाकी असताना नवीन काही घेतलं ना, तर ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे विसरा, घेतल्या दिवसापासून व्याज चालू. हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं, आणि मी अकाउंट्सला काम करतो, हसू नका. एटीएममधून कार्डाने कॅश काढत असाल तर आज बंद करा, तिथे बाकी असो नसो पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी वेगळी.

आता वही घ्या. लोक सांगतात तीन महिन्यांचे खर्च लिहा. आपल्याकडे तीन महिन्यांत काही कळत नाही कारण आपला खर्च महिन्यावर चालत नाही, सणावर आणि पाहुण्यांवर चालतो. पूर्ण बारा महिन्यांची स्टेटमेंट बँकेच्या ॲपमधून काढा आणि घरातल्या माणसाला शेजारी बसवून लिहा, एकट्याने लिहाल तर सोयीचं तेवढंच लिहाल. मी आणि बायकोने एका रविवारी दुपारी बसून केलं. वर्षभरात कार्डावर ७४ हजारांची खरेदी, त्यातली ४१ हजार फक्त तीन वेळची, गणपती, शिमगा आणि मे महिना. बाकीच्या नऊ महिन्यांत आम्ही बऱ्यापैकी गरिबासारखेच राहत होतो, उगीच चहाला शिव्या दिल्या.

वही झाली की कार्ड थांबवा. नुसतं 'वापरणार नाही' म्हणून होत नाही. खरेदीच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि टॅप करायची सोय बंद करा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते आधी तोडा, ते सगळ्यात वाईट, कारण २०२२ पासून ही सोय आली आणि आता वडापाववाल्याच्या क्यूआरवर पण उधारी होते, कळतच नाही खात्यातले गेले की कार्डातले. लिमिट कमी करून मागा. प्लास्टिकचं कार्ड मी आईकडे दिलं, तिने ते सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या असतात त्या पिशवीत घातलं आणि पिशवी तिच्या ट्रंकेत. तिच्याकडून मागायचं म्हणजे कशाला हवंय ते सांगावं लागतं, त्यापेक्षा नको ते.

मग व्याज स्वस्त करायचं. खर्च कितीही कापा, ४२ टक्क्यांची गळती चालू असेल तर फुटक्या घागरीत पाणी भरल्यासारखं आहे. तीन रस्ते आहेत. एक, कार्डावरची बाकी बँकेकडून ईएमआयमध्ये बदलून घ्या, दर निम्म्याच्या आसपास येऊ शकतो पण प्रोसेसिंग फी, जीएसटी आणि मुदतीआधी फेडलं तर काय लागेल हे विचारूनच हो म्हणा. दोन, सोनंतारण. बायकोच्या पाटल्यांचा विषय आमच्याकडे निघाला होता, हिशोबाने ते बरोबरच आहे, १० टक्क्यांनी धरलं तर ८० हजाराला महिन्याला ६६७ रुपये व्याज, कुठे ते तेहतीसशे. पण तारण ठेवून कार्ड रिकामं केलं आणि परत घासायला लागलो तर पाटल्या पण गेल्या आणि कार्ड पण भरलं, असं झालेली दोन घरं मला आमच्या आळीतलीच माहीत आहेत, तेव्हा कार्ड ट्रंकेत गेल्याशिवाय सोन्याला हात लावू नका. तीन, नोकरदारांची पतपेढी. मी तोच धरला, ५० हजार घेतले १२ टक्क्यांनी १८ महिन्यांसाठी, हप्ता ३,०५०. कार्डावर उरले ३० हजार, तिथे महिन्याला सात हजार टाकले की पाच महिन्यांत संपतात.

म्हणजे महिन्याला दहा हजार पाहिजेत. हा आकडा आधी ठरवा, मग खर्च कापायला बसा, उलटं केलं की 'जमेल तेवढं' होतं आणि जमत काही नाही. पतपेढी वगैरे काही नसेल तरी फरक बघा, ८० हजारावर महिन्याला सहा भरले तर २० महिने आणि व्याजात ३८-३९ हजार जातात, दहा भरले तर १० महिने आणि १९ हजार. नवीन काही घासलं नाही तर, हे धरून.

चार हजार तर आधीपासून जातच होते. सहा कुठून काढले ते सांगतो. बाईकने परशुराम घाट चढून लोट्याला जायचो, महिन्याला २,४०० च्या आसपास पेट्रोल. कंपनीची बस आहे, सहाशे कापतात. पण तिला सकाळी सहाला नाक्यावर उभं राहावं लागतं म्हणून सहा वर्षं टाळली होती. वाचले १,८००. बायको माहेरी गुहागरला जायची ते मी सोडायचो बाईकने किंवा रिक्षा व्हायची, आता एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहेच मार्च २०२३ पासून. ओटीटी, जास्तीचं सिम, रविवारची बिर्याणीची ऑर्डर, ह्यात अठराशे-एकोणीसशे, ह्याबद्दल जास्त लिहीत नाही, प्रत्येकाला आपापलं पाप माहीत असतं.

मासळीवर मात्र घरात भांडण झालं. मासे बंद करा हा सल्ला कोकणात कोणी ऐकणार नाही आणि ऐकू पण नये. सुरमई-पापलेटचा हट्ट सोडला, बांगड्याचा नाहीतर तारलीचा वाटा घ्यायचा आणि तो पण बाजार उठायच्या वेळेला. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा जी थोडीफार ताजी मिळते तिचे भाव विचारायचे नाहीत, त्या दोन महिन्यांसाठी मेमध्येच सुकट, सोडे, बोंबील घेऊन उन्हात कडक करून डब्यात. आगोटीची खरेदी आपले आजी-आजोबा करायचे ती हीच, तांदूळ, कुळीथ, मिरची, मीठ, सगळी पावसाआधी बेगमी. फक्त एक, ही खरेदी कार्डावर करू नका. आम्ही फेब्रुवारीपासून महिन्याला दीड हजार वेगळे काढले आणि मेमध्ये रोख घेतली.

तसंच गणपतीचं. हा खरा विषय. आमचा पाच दिवसांचा, घरात मुंबईहून चौदा माणसं, वर भजनाची मंडळी, त्यांना चहा आणि उसळ, गौरीला तिखटाचा नैवेद्य, सगळं मिळून २८ हजार आणि सगळं माझ्या कार्डावर, कारण मी गावाला राहतो म्हणजे 'तू बघून घे रे तिकडचं'. हा खर्च कापायचा तर ऑगस्टमध्ये कापता येत नाही, तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं. जूनमध्येच मोठ्या काकांना फोन केला. चार दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो, शेवटी सांगितलं की कार्डाचं कर्ज झालंय, यंदा वर्गणी काढूया. पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "अरे मग सांगायचंस ना, आम्हाला वाटलं तुझं बरं चाललंय." प्रत्येक घराने तीन हजार दिले. तांदूळ-नारळ घरचे होतेच. नागपंचमीला गणपतीच्या शाळेत पाट द्यायला गेलो तेव्हा मूर्तिकाराने वहीत बघून विचारलं, गेल्या वर्षीएवढाच ना, अडीच फूट? म्हटलं नाही, दीड फूट, शाडूची. त्याने मान वर करून बघितलं, काही बोलला नाही, खोडलं आणि लिहिलं. लाज वाटली ती तेवढीच. घरी आरतीला उभे राहिल्यावर उंची कोणी मोजली नाही. यंदाचे माझे गेले साडेसहा हजार, ते पण महिन्याला बाजूला काढलेले.

मे महिन्यात लग्नं. आहेराचं पाकीट आधीच ठरवून टाका, जवळचा किती, लांबचा किती, आणि मुंबईला आंब्याच्या पेट्या पाठवायची सवय असेल तर एक वर्ष दोन पेट्यांची एक करा. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा नारळ-ओटीला कितीसा खर्च येतो हो, खर्च होतो तो त्या निमित्ताने घेतलेल्या कपड्यांचा.

पैसे भरायचे पगार झाल्या दिवशी. ड्यू डेटची वाट बघितली की मधे कोणाचं तरी आजारपण, कोणाचं तरी लग्न येतंच. ऑटोपे लावलं असेल तर उघडून बघा ते 'मिनिमम'वर आहे की 'टोटल'वर, माझं दीड वर्ष मिनिममवर होतं आणि तो पर्याय आधीच टिक करून आलेला होता. बोनस, आंब्याचे, काजूचे जे काही येतील ते आले त्याच दिवशी कार्डात. दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांचं मिनिमम भरून उरलेलं सगळं ज्याचं व्याज जास्त त्याच्यात.

हप्ते थकले असतील तर फोन येतात. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, शिव्या-धमक्या तर कधीच चालत नाहीत. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी नंबर १४४४८. आणि कोणी 'अर्धे भरा, सेटल करून टाकू' म्हटलं तर खूश होऊ नका, सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' पडतं, 'क्लोज्ड' नाही, पुढे घराच्या कर्जाला तेच आडवं येतं. अगदीच गळ्याशी आलं असेल तरच, आणि तेव्हा पण कागदावर घ्या.

शेवटचा हप्ता भरलात की लगेच पेढे वाटू नका. बिलाच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. मला वाटलं संपलं, मी ॲप उघडलंच नाही, आणि ६११ रुपयांचं बिल आलं होतं, त्यावर लेट फी पण बसली. फोन करून फी माघारी घ्यायला लावली पण अर्धा दिवस गेला. लागोपाठ दोन बिलं शून्य आली की मग कार्ड बंद करायचा अर्ज द्या, बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांनी तुम्हाला द्यायचा असा नियम आहे. बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या.

माझं पत्र आलं त्या दिवशी आईकडे कार्ड मागितलं. तिने कशाला हवंय विचारलंच. सांगितल्यावर ट्रंकेतून पिशवी काढली, कार्ड हातात धरून उलटसुलट बघितलं आणि सुपारीच्या तबकातला आडकित्ता घेऊन त्याचे चार तुकडे केले. सोनेरी चीप होती त्याच्यावर, ती मात्र तिने वेगळी काढून ठेवली.