वाळवंटी उन्हाळ्यात राहताना : दिनक्रम, घर आणि शेजार

वाळवंटातला उन्हाळा म्हणजे चार-दोन दिवसांची उष्णतेची लाट नव्हे. तो महिनोन्महिने मुक्काम ठोकतो, दुपारचा पारा 40 अंश सेल्सियसच्या वर आठवडेच्या आठवडे राहतो आणि काही प्रदेशांत 45 ते 50 अंशांपर्यंतही चढतो. अशा ठिकाणी 'आजचा दिवस कसाबसा काढू' असे म्हणून भागत नाही. दिवसाची आखणी, घराची व्यवस्था आणि शेजाऱ्यांशी असलेले येणे-जाणे या तिन्ही गोष्टी ऋतू सुरू होण्याआधीच नव्याने लावून घ्याव्या लागतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींबद्दल लोक बरेच जागरूक असतात. तिसरी मात्र मागे पडते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण उष्णतेचा त्रास वाढू लागला की माणसाची विचारशक्ती मंदावते आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्यालाच तो धोका उमगेनासा होतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला पडावा लागतो.

सुरुवात शरीरापासून करू. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, गरम झाली की अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली उष्णता अंगात शिरू लागते. त्यानंतर शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शरीरातून निघून जाते. हे सामर्थ्य मोठे आहे, पण त्यासाठी पाणी आणि मीठ दोन्ही खर्च होतात. कोरड्या हवेत हा घाम त्वचेवर येताक्षणीच सुकतो, त्यामुळे अंग चिकचिकत नाही आणि नवख्या माणसाला वाटते की आपल्याला घाम येतच नाही. संध्याकाळी गडद रंगाच्या कपड्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की मग दिवसभरात किती पाणी गेले याचा अंदाज येतो.

शरीर या हवेला सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. सराव झाला की घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून नव्याने राहायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या कष्टाच्या कामापैकी फार तर पाचवा हिस्सा उन्हात करावा आणि पुढे रोज तेवढ्याच प्रमाणात वाढवत न्यावे. आठवडाभर थंड प्रदेशात राहून परतलेल्या जुन्या रहिवाशालाही हा नियम थोडाफार लागू होतो, कारण सराव आला तसा ओसरतोही.

पाणी पिण्यासाठी तहानेची वाट पाहू नये, ती उशिरा लागते. उन्हात काम चालू असताना दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर पाणी प्यावे. एका दमात बाटली रिकामी करण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते. याच्या उलट टोकाची चूकही टाळावी. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी तासन्‌तास पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून जेवण चुकवू नये. नेहमीच्या जेवणातून बहुतेकांना पुरेसे मीठ मिळते. खूप घाम गेला असेल किंवा जुलाब होत असतील तर जलसंजीवनी द्यावी. तयार पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवावे. हे प्रमाण अंदाजाने बदलू नये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी दिवसाला किती पाणी प्यायचे हे उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दिवसाची आखणी

दिवसातली सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या आसपासची असते, आणि सर्वांत गरम वेळ भर दुपारी बाराची नसून दुपारी तीन ते पाचच्या सुमाराची असते, कारण माथ्यावरचे ऊन कलले तरी जमिनीने साठवलेली उष्णता हवेला तापवतच राहते. हे एकदा लक्षात घेतले की बाकीचे आपोआप ठरते. बाजारहाट, झाडांना पाणी, फिरणे, घराची डागडुजी आणि स्वयंपाकातले चुलीपाशी वेळ घेणारे काम पहाटेच उरकावे. दुपारचा वेळ झोपेला किंवा घरातल्या बैठ्या कामाला द्यावा, आणि या विश्रांतीला आळस मानू नये. शेजाऱ्यांनी मिळून ठरवले, तर दुपारी एकमेकांकडे कामासाठी न जाण्याचा आणि सभा-समारंभ रात्री ठेवण्याचा संकेत सहज रुळतो.

सूर्य मावळला म्हणजे धोका टळला असे मात्र नाही. भर उन्हात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग 65 अंशांच्याही पुढे जातो, आणि तो निवायला काही तास लागतात. मुलांना अनवाणी खेळू देण्यापूर्वी किंवा कुत्र्याला फिरायला नेण्यापूर्वी हाताची उपडी बाजू जमिनीला पाच-सात सेकंद लावून पाहावी. ती ठेववत नसेल तर पावलांनाही ती जमीन सोसवणार नाही. एखादी वृद्ध व्यक्ती रस्त्यावर पडली आणि तिला उठता आले नाही, तर काही सेकंदांतच कातडी भाजू लागते, म्हणून मदतीला धावणाऱ्याने सर्वप्रथम तिला सावलीत न्यावे आणि ते शक्य नसेल तर तिच्या अंगाखाली जाड कापड किंवा पुठ्ठा सरकवावा. बागेतल्या रबरी नळीत साठलेले पहिले पाणी, गाडीच्या पट्ट्याचे धातूचे टोक आणि मुलांची घसरगुंडी यांनीही चटके बसतात.

घर

ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा ते काचेबाहेरच अडवणे कितीतरी परिणामकारक ठरते. खिडकीबाहेर ताडपत्री, चटई, झडप किंवा वेल असावी, आणि पैसा किंवा वेळ अपुरा असेल तर आधी पश्चिमेच्या खिडक्या झाकाव्यात, कारण दिवसातले सर्वांत तिरपे आणि त्रासदायक ऊन त्याच बाजूने येते. छताला पांढरा परावर्तक रंग दिल्यास वरच्या मजल्यावरची काहिली कमी होते. रात्री बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून भिंती निवू द्याव्यात आणि सकाळी बाहेरचा पारा चढण्यापूर्वी सर्व बंद कराव्यात.

पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो, पण त्याला बाहेर पडणाऱ्या हवेसाठी वाट लागते. खोली पूर्ण बंद ठेवली तर दमटपणा साचतो, थंडावा संपतो आणि माणसाचा घामही सुकेनासा होतो. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी. टाकीतले पाणी आटते तसे क्षार मागे उरतात आणि जाळ्यांवर खवले धरतात, त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामी करून घासावी, म्हणजे डासांचीही पैदास होत नाही. अनेक वाळवंटांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात थोडे पावसाळी, दमट दिवस येतात. त्या दिवसांत पारा दोन-चार अंशांनी उतरला तरी कूलर निकामी ठरतो आणि घाम वाळत नाही, हे ध्यानात ठेवून आधीच पर्याय योजावा. पंख्याविषयीही एक सावधगिरी हवी. खोलीतले तापमान 40 अंशांच्या वर गेल्यावर कोरड्या अंगावर सोडलेला पंखा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो; अशा वेळी अंगावर पाणी शिंपडून किंवा ओला पंचा गुंडाळून मगच वारा घ्यावा.

औषधांकडे घरात सहसा दुर्लक्ष होते. बहुतेक गोळ्या 25 ते 30 अंशांखाली ठेवायच्या असतात आणि इन्शुलिन उष्णतेने बिघडते, म्हणून ती खिडकीत, स्वयंपाकघरात किंवा गाडीत कधीही ठेवू नयेत.

रस्त्यावर

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत कितीतरी वेगाने तापते. त्यामुळे मुलाला 'दोनच मिनिटे' गाडीत बसवून जाणे कधीच नको. मागच्या सीटवर आपली पिशवी किंवा फोन ठेवण्याची सवय लावून घेतल्यास गाडी सोडताना मागे पाहणे होतेच.

लांबच्या प्रवासाला निघताना वाट आणि पोहोचण्याची वेळ कुणाला तरी सांगून जावे आणि माणशी काही लिटर जादा पाणी घ्यावे. गाडी बंद पडली तर मदत शोधत उन्हात चालत सुटू नये. गाडीच्या सावलीत थांबावे, कारण चालणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी शोधणाऱ्याला लवकर दिसते. धुळीच्या वादळात सापडल्यास रस्त्यापासून पूर्ण बाजूला उतरून थांबावे, दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरून पाय काढावा, नाहीतर मागून येणारा चालक आपल्या लाल दिव्यांना रस्ता समजून आपल्यावरच येऊन आदळतो. कोरड्या नाल्यात गाडी उभी करू नये. कोसो दूर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे निरभ्र आकाशाखालीही येऊ शकतो, आणि सुमारे 30 सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडी उचलायला पुरते.

शेजार

1995 च्या जुलैमध्ये शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेत काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे दगावली, आणि नंतरच्या अभ्यासात असे दिसले की एकटे राहणाऱ्यांना आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना सर्वाधिक धोका होता. शिकागो काही वाळवंटात नाही. पण जे तिथे काही दिवसांत घडले त्याचा धोका वाळवंटातल्या वस्तीवर संपूर्ण ऋतुभर असतो, आणि मला तो आकडा वाचताना दर वेळी बंद दारांचीच आठवण येते.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या गल्लीची किंवा इमारतीची एक यादी करावी. तीत एकटे राहणारे, पासष्टी ओलांडलेले, तान्ही मुले असलेली घरे, गरोदर स्त्रिया, दिवसभर बाहेर राबणारे, नवे रहिवासी आणि घरात थंडाव्याचे कोणतेही साधन नसलेले लोक यांची नोंद हवी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसोपचाराची औषधे आणि अॅलर्जीवरच्या काही गोळ्या शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात, पण ती परस्पर बंद करणेही घातक असते, म्हणून अशा औषधांची चौकशी प्रत्येकाने डॉक्टरांकडे करावी. यादीतल्या प्रत्येक घरासाठी एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा असे ठरवून द्यावे. सर्वांचे काम ते कुणाचेच नाही, हा अनुभव इथे नको.

भेट दिवसातून दोनदा व्हावी, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा. ती प्रत्यक्ष असावी, कारण फोनवर जवळपास प्रत्येक जण 'मी बरा आहे' असेच सांगतो. घरात पाऊल टाकल्यावर कूलर नुसता आवाज करतो आहे की खरोखर गारवा देतो आहे, तांब्यातले पाणी सकाळपासून कमी झाले आहे का, आदल्या दिवशीचे जेवण तसेच पडले आहे का, हे पाहावे. हो किंवा नाही यात उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, 'काका, काल रात्री झोप कशी लागली?' उत्तर तुटक, असंबद्ध किंवा चिडचिडे आले तर ते स्वभावावर ढकलून निघून येऊ नये.

बऱ्याच वडीलधाऱ्यांना मदत घेणे जड जाते. त्यांना 'तुमची काळजी वाटते' असे सांगण्यापेक्षा 'दुपारी मला सोबत हवी आहे, आमच्याकडे येऊन बसाल का?' असे विचारणे अधिक सुखाचे होते, आणि दिवसातले दोन-तीन तास थंड जागेत गेले तरी शरीराला मोठा विसावा मिळतो. ज्यांच्याकडे थंड खोली आहे अशा एक-दोन घरांनी किंवा सभागृहाने दुपारी दार उघडे ठेवावे. वीज गेल्यास कुणाला कुठे न्यायचे, गाडी कुणाची आणि बर्फ कुठून आणायचा हे आधीच बोलून ठेवावे. सामान पोहोचवायला आलेल्या, सफाई करणाऱ्या आणि बांधकामावरच्या माणसांसाठी दारात पाणी आणि बसायला सावली ठेवावी. सावलीत ठेवलेले पाखरांचे भांडेही रोज बदलावे.

उष्माघात ओळखताना

पेटके, मळमळ, डोकेदुखी, भोवळ आणि भरपूर घाम ही थकव्याची लक्षणे दिसताच माणसाला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करावे आणि घोट घोट पाणी द्यावे. बोलणे बरळल्यासारखे झाले, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराचे आतले तापमान सहसा 40 अंशांच्या वर गेलेले असते. घाम थांबला तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येत असू शकतो.

एकाने रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याच क्षणी दुसऱ्याने अंग थंड करायला घ्यावे. कष्टाच्या कामात कोसळलेल्या धडधाकट माणसाला डोके वर धरून गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवणे हा सर्वांत वेगवान उपाय आहे. ते जमत नसल्यास, आणि रुग्ण वृद्ध असल्यास, सर्वांगावर पाणी ओतत राहून जोराने वारा घालावा आणि मान, काखा व जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉल किंवा अॅस्पिरिन देऊ नये, कारण हा ताप नव्हे आणि त्या गोळ्यांनी तो उतरत नाही.

उष्माघातातून उठलेला माणूस पुढे कित्येक आठवडे उष्णतेला पूर्वीपेक्षा लवकर बळी पडू शकतो. तो घरी परतल्यावर बरा दिसला तरी गल्लीच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर घ्यावे आणि ऋतू संपेपर्यंत त्याच्याकडची एकही फेरी चुकवू नये.